खाज कुठे आहे ते आधी बघा

पोळा झाला की कुत्र्यांच्या खाजेची पत्रं वाढतात. या खेपेस गाई-म्हशींपेक्षा कुत्र्यांचीच पत्रं जास्त आली, म्हणून हे सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे. कोठ्यातली ओल, वावरात कमरेएवढं गवत, पऱ्हाटीवर चालू असलेला फवारा, हे सगळं या दिवसांत एकदमच येतं आणि कुत्रं त्यातूनच उघड्या अंगाने फिरतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करत असताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: कुठे खाजवतं? बहुतेक जण म्हणत, सगळीकडेच. मग मी त्यांना सांगे, घरी जाऊन थोडा वेळ निवांत बसा, त्याला हाक मारू नका, फक्त बघा. शेपटीच्या बुडाशी चावतं की कानाची कड खाजवतं, पंजा चाटतं की भिंतीला पाठ घासतं. खाज हे लक्षण आहे. तिच्यामागे किडा असेल, पिसू असेल, बुरशी असेल, नाहीतर पंजात रुतलेलं कुसळ असेल, आणि प्रत्येकाची जागा बहुधा वेगळी असते. आजच्या बऱ्याच पत्रांत ही जागा लिहिलेली आहे, त्याचा मला आनंद झाला. त्यामुळे उत्तरं देणं सोपं गेलं.

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमचा मोती पाच वर्षांचा आहे, वावरात राखणीला असतो. पोळ्याच्या आधीपासून सारखा खाजवून राहिला आहे. कानाच्या कडा जाड झाल्या, कोपरावरचे केस गेले, खपल्या पडल्या. आता घरच्यांच्या हातावर आणि पोटावर लाल पुरळ आलं. गावात म्हणतात गॅरेजातलं जळकं ऑइल चोपडा, लगेच बरा होतो. बैलांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषधही उरलं आहे. दोन्हीपैकी काय लावू?
(एक कास्तकार, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, दोन्हीपैकी काहीच लावू नका. हे पत्र मी पहिलं घेतलं ते याच कारणाने.

कानाची कड, कोपर, मागच्या पायाचा सांधा, पोटाची खालची बाजू, आणि सोबत घरातल्या माणसांनाही खाज. एवढं वाचलं की खरजेचाच संशय येतो. आपण जिला लूत म्हणतो ती हीच. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे करतो, मादी त्याच बोगद्यांत अंडी घालते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा व्हायला साधारण ३ आठवडे लागतात. एक खूण घरीच बघता येते. मोतीच्या कानाची कड हलक्या हाताने दुमडून तिच्यावरच घासा. त्याबरोबर मागचा पाय आपोआप खाजवायला लागला, तर संशय बळकट झाला. दवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण हा किडा खोल असतो आणि संख्येने थोडा, त्यामुळे खरवडीत तो सापडला नाही तरी लूत नाही असं ठरत नाही. अनुभवी डॉक्टर अशा वेळी उपचार सुरू करून बघतात, आणि ते बरोबर आहे.

आता जळक्या ऑइलचं. त्याने खाज थोडी थांबल्यासारखी वाटते, कारण घट्ट तेलाखाली काही किडे गुदमरतात आणि खपल्या मऊ पडतात. एवढ्यावरच गावोगाव त्याची ख्याती झाली आहे. पण इंजिनातून निघालेल्या त्या तेलात धातूंचे कण असतात, जळून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. खाजवून सोललेल्या कातडीतून ते अंगात शिरतं, आणि जे वर उरतं ते कुत्रं चाटतं. यकृत आणि मूत्रपिंडं त्याने बिघडतात. वर ऊन लागलं की कातडी भाजते ती वेगळीच. काळ्या चिकट अंगाने, जीभ बाहेर काढून बसलेली कुत्री मी दवाखान्याच्या वट्ट्यावर बघितली आहेत. मालकाने जीव लावूनच ते तेल चोपडलेलं असे, म्हणून त्याला रागावताही येत नसे.

बैलांच्या औषधाची बाटली हातात घ्या आणि वाचा. बहुधा तिच्यावर अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असं काहीतरी लिहिलेलं असेल. अमिट्राझ कुत्र्याच्या लुतीवरही वापरतात हे खरं. पण १२.५ टक्क्यांचं ते औषध पाण्यात किती घालायचं हे कुत्र्याचं वय, वजन आणि प्रकृती बघून ठरतं. जास्त झालं की कुत्रं सुस्त पडतं, झोकांड्या खातं, हृदयाचे ठोके मंदावतात. बैल आपलं सगळं अंग चाटत नाही, कुत्रं चाटतं, हा फरक फवारणीच्या बादलीला कळत नाही. घरात मांजर असेल तर आणखी जपा. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मांजरीला फार लवकर बाधतात. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला ती चिकटून झोपली तरी पुरतं.

आणि पऱ्हाटीवरचं कीटकनाशक तर बाटलीच्या झाकणाएवढंही नको. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शंभर किलो कापूस पाठीवर उचलणाऱ्या माणसाला जे सोसलं नाही ते पंधरा किलोच्या मोतीला कसं सोसेल? ज्यांनी आधीच असं काही लावलं असेल त्यांच्यासाठी सांगते. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, जुलाब, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून साबण आणि भरपूर पाण्याने त्याला धुवा आणि बाटलीसकट दवाखाना गाठा. बाटली न्यायला विसरू नका. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा औषधांच्या विषबाधेवर अॅट्रोपिन देतात, पण तिथल्या डॉक्टरला विष कोणतं ते आधी कळायला हवं.

मोतीवरचा उपचार अवघड नाही. आयव्हरमेक्टिनची सुई बहुतेक दवाखान्यांत मिळते, पण ती स्वतः टोचू नका. जनावरांसाठी जी १ टक्क्याची बाटली येते तिचा हिशेब ५० किलो वजनाला १ मिली असा असतो. कुत्र्यासाठी सिरिंजच्या अगदी पहिल्या एक-दोन रेघांचाच प्रश्न असतो, आणि डोळ्यांच्या अंदाजाने भरलेली सुई सहज पाच-सातपट होते. कोली (collie) या विदेशी जातीच्या आणि तिच्या मिश्रणाच्या कुत्र्यांना तर हे औषध मेंदूपर्यंत पोचून बेशुद्ध करू शकतं. आता फ्लुरालनर, अफोक्सोलनर या गोळ्याही मिळतात. महाग आहेत, पण लूत, गोचीड आणि पिसवा तिन्हींवर चालतात. कुत्र्याला झटके येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मग ह्या गोळ्या देत नाहीत. औषध कोणतंही असो, सुई किंवा गोळी ठरल्या दिवशी पुन्हा द्या. पहिल्या मात्रेत अंडी मरत नाहीत. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला खाज नसली तरी त्याचाही उपचार सोबतच करा. मोती ज्या बारदानावर झोपतो ते जाळून टाका, नवं द्या.

घरच्यांच्या पुरळाची भीती बाळगू नका. कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाच्या अंगावर वंश वाढवू शकत नाही. मोती बरा होत आला की तेही काही दिवसांत ओसरतं. मात्र बोटांच्या बेचक्यांत, रात्री वाढणारी, घरातल्या सगळ्यांना लागत जाणारी खाज असेल, तर ती माणसांची खरूज आहे. ती मोतीने दिलेली नाही. तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

प्रश्न: मॅडम, आमची राणी शेपटीच्या वरच्या बाजूला सारखी चावत राहते. तिथले केस गेले, कातडी लाल झाली. रोज अंघोळीच्या साबणाने धुते, पाण्यात डेटॉलही टाकते. एक दिवस बरं वाटतं, मग परत तेच. घर शेणाने सारवलेलं आहे, राणी ओसरीत झोपते.
(एक गृहिणी, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर: ताई, शेपटीचं बूड आणि कमरेचा भाग म्हणजे पिसवांची आवडती जागा. काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असते. मग अंगावर एखादीच पिसू असली तरी ते वेड्यासारखं चावत सुटतं. म्हणून तुम्हाला पिसू दिसली नसेल, तर नवल नाही. राणीच्या कमरेवरचे केस उलटे करा, तिथे काळी बारीक रवाळ घाण असेल. ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कापसावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे राणीचंच पचलेलं रक्त. साधी माती असेल तर रंग सुटत नाही.

पिसवांची अंडी अंगावरून खाली गळतात. अळ्या आणि कोष ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या फटीत, गोधडीत, सारवणाच्या भेगांत वाढतात. कुत्र्यावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा लहानसा हिस्सा. तुम्ही रोज राणीला धुता आणि ओसरी तिला रोज नव्या पिसवा देते, असं चाललं आहे. तिची गोधडी उकळत्या पाण्यातून काढा आणि कडक उन्हात टाका. ओसरी झाडून कचरा जाळा, मगच सारवा, आणि भेगा बुजवा. आपल्या उन्हाळ्यातल्या कोरड्या उन्हात पिसवांच्या अळ्या टिकत नाहीत. दमट हवेत त्या फोफावतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत ओसरी कोरडी राहिली तर निम्मं काम झालं. कोषातली पिसू मात्र बरेच आठवडे, कधी काही महिनेही आत दबून राहते. म्हणून सगळं स्वच्छ केल्यावरही नव्या पिसवा दिसल्या तर औषध वाया गेलं असं समजू नका, डॉक्टरांनी दिलेलं औषध सलग काही महिने चालू ठेवा. जंताची गोळीही द्या. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे टाकणारा जंत याच पिसवा गिळल्याने होतो.

रोजचा साबण आणि डेटॉल आजपासून बंद. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते, आणि आपल्या कातडीसारखी आम्लधर्मी नसून बरीचशी उदासीन असते. आपला साबण तिचं नैसर्गिक तेल काढून टाकतो आणि कोरडी कातडी आणखी खाजते. डेटॉल आणि फिनाइल चाटण्यात गेलं तर तोंडापासून पोटापर्यंत भाजतं. राणीची सोललेली जागा मीठ घातलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा आणि कोरडी ठेवा. निंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आठवड्यातून एकदा आंघोळ घातली तर हरकत नाही, कातडी थोडी शांत होते. पण निंबाच्या पाण्याने पिसवा जातील या भरवशावर राहू नका.

प्रश्न: माझं पिल्लू तीन महिन्यांचं आहे. डोळ्यांभोवती चष्म्यासारखे केस गेले, मग ओठांजवळ आणि पुढच्या पायावरही गेले. खाज फारशी नाही. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, एकाने सुईही दिली. पंधरा दिवसांत अख्खं तोंड उघडं पडलं. हे माणसाला लागतं का?
(बारावीचा विद्यार्थी, ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर: बाळा, तुला किंवा घरच्यांना हे लागणार नाही. हा डेमोडेक्स नावाचा किडा केसांच्या मुळाशी राहतो आणि जन्मल्यावर पहिल्या दिवसांत आईकडून पिल्लात येतो. जवळपास सगळ्या कुत्र्यांत तो थोडाफार असतो. ज्या पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची आहे त्यात तो वाढतो. डोळ्यांभोवती, ओठांवर, पायांवर केस जाणं आणि खाज नसणं ही त्याची ओळख. एक-दोन ठिपके असतील तर बऱ्याचदा वयाबरोबर आपोआप भरून येतात. तुझ्या पिल्लाचं मात्र पसरत चाललं आहे, त्याला उपचार लागतील.

पंधरा दिवसांत तोंड उघडं का पडलं, हे माझ्या मते त्या ट्यूबच्या मागे छापलेलं आहे. वाचून बघ. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बेटामेथासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाजेची सुई म्हणून जी देतात तीही बहुतेक वेळा स्टेरॉइडच असते. लाली लगेच उतरते, म्हणून सगळे खूश होतात. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, आणि या किड्याला तेच हवं असतं. गजकर्णावरही असंच होतं, वर लाली उतरते आणि आत बुरशी पसरते. कुत्र्याच्या खाजेवर स्टेरॉइड कधीच द्यायचं नाही असं मी म्हणत नाही. अॅलर्जीत ते योग्य मात्रेत फार उपयोगी पडतं. पण किडा आणि बुरशी नाही याची खात्री झाल्यावरच. गावोगाव मेडिकलच्या काउंटरवरून ही ट्यूब ज्या सहजतेने दिली जाते, त्याचा मला मनापासून संताप येतो.

ट्यूब आणि सुई आजच बंद कर, पिल्लाला तालुक्याच्या दवाखान्यात ने, कातडीची खरवड काढून घे. या किड्याचा शोध खरवडीत सहज लागतो. उपचार महिना-दोन महिने चालतो आणि केस परत येतात. दरम्यान जंताचं औषध, अंडं, दूध-भाकरीपेक्षा जरा भारी खाणं आणि लसी वेळेवर. मादी असेल तर मोठी झाल्यावर तिची नसबंदी कर, कारण ज्यांना हा आजार पसरतो त्यांच्या पिल्लांतही तो येण्याचा धोका असतो.

प्रश्न: लॅब्राडोर आहे, चार वर्षांचा. कानात आणि बोटांच्या मध्ये गोचीडं सतत. काढून फेकतो, परत येतात. पावडर टाकली, उपयोग नाही. दोन दिवसांपासून जेवत नाही, सकाळी नाकातून रक्त आलं. उन्हामुळे असेल का?
(ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

उत्तर: हे पत्र मिळालं तेव्हा मी उत्तर छापून येण्याची वाट बघितली नाही, त्यांना लगेच कळवलं. इथे बाकीच्यांसाठी लिहिते. गोचीड असलेल्या कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तर ऊन लागलं म्हणून थांबू नका. गोचिडातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, पोटाच्या कातडीवर बारीक लाल ठिपके, नाकातून रक्त, ही सगळी त्याची लक्षणं. बबेसिया नावाच्या दुसऱ्या जंतूने लघवी कॉफीसारखी गडद होते. रक्ताची तपासणी करून डॉक्सिसायक्लीनसारखी औषधं वेळेत सुरू केली तर बहुतेक कुत्री वाचतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, हा कोर्स साधारण ४ आठवड्यांचा असतो.

गोचीड परत का येतं? कुत्र्यावरचं तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितं आणि प्रत्येक वेळी खाली उतरतं. बाकीचा सगळा काळ ते भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, कौलांखाली, कोठ्याच्या कुडात घालवतं. पोट भरलेली एक मादी फटीत जाऊन हजारो अंडी घालते. उपाशी गोचीड कित्येक महिने तग धरतं. त्यामुळे कुत्र्यावरची वेचून काढली तरी भिंतीत पुढची पिढी तयार असते. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवा, कुत्र्याच्या जागेभोवतीचं गवत आणि पाचोळा काढा. जागेवर फवारायचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या, आणि फवारल्यावर ती जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला आणि लेकरांना तिकडे जाऊ देऊ नका. अंगावरचं औषध पाऊस संपला तरी बंद करू नका. आपल्याकडे हिवाळा इतका कडक नसतो की गोचीड मरून जाईल.

काढताना चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. बिडीने चटका देऊ नका, रॉकेल लावू नका, बोटांत चिरडू नका. काढलेलं गोचीड साबणाच्या दाट पाण्याच्या डब्यात टाका. अंगणात फेकलं तर ते पुन्हा चढणारच.

प्रश्न: शेरू रात्री जागलीला माझ्यासोबत असतो. पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये फोड आला, फुटला, पाणी येतं, सारखा चाटतो. मलम लावलं की बंद होतो आणि परत फुटतो.
(ता. कुही, जि. नागपूर)

उत्तर: भाऊ, एकाच पंजाच्या एकाच बेचक्यातून परत परत पाणी येत असेल तर आत कुसळ आहे असं धरून चला. कुसळी गवताचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात. आत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. वरून मलम लावून तोंड बंद होतं आणि कुसळ आत पायात वर चढत जातं. ते काढावंच लागतं, कधी भूल देऊन. पिळू नका. दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की रोज रात्री जागलीवरून आल्यावर शेरूचे चारही पंजे, बोटांच्या बेचक्या, काखा आणि कानांचं तोंड हाताने चाचपायची सवय लावा. बोटांमधले केस कात्रीने बारीक ठेवा. एकदम एका बाजूला मान वाकडी करून कान झटकायला लागला तर कानात कुसळ गेलं असेल, त्यात तेल ओतू नका.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी अजून एक. खाजकुहिलीच्या शेंगा वाळल्या की त्यांची कुसं वाऱ्याने उडतात, आणि कुत्रं त्या वेलातून गेलं तर तोंड आणि पोट घासत लोळू लागतं. अशा वेळी घासू नका, पुसू नका. भरपूर पाणी ओता. कापडाने चोळलं की कुसं आणखी आत जातात. आणि नुकत्या फवारलेल्या पऱ्हाटीतून आलेल्या कुत्र्याचं पोट लाल झालेलं दिसलं तर तेही लगेच पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायचं. पोटावर केस विरळ असतात, पानांवरचं औषध तिथेच लागतं. फवारा असेल त्या दिवशी शेरूला घरी बांधून ठेवलं तर हे टळतं.

प्रश्न: आमच्या शाळेजवळ एक लूत भरलेलं बेवारस कुत्रं आहे, अंगावर केसच नाहीत. लेकरांना ते लागेल म्हणून गावकरी मारून टाका म्हणतात. काय करता येईल?
(शिक्षक, ता. केळापूर, जि. यवतमाळ)

उत्तर: गुरुजी, ते कुत्रं बरं होऊ शकतं. लुतीने जीव जातो तो बहुधा उपासमार, थंडी आणि चिघळलेल्या जखमांमुळे. महिनाभरात ओळखू येणार नाही इतकं बदललेलं कुत्रं मी पाहिलं आहे. पकडायची गरज नाही. डॉक्टरांना त्याचं अंदाजे वजन सांगून गोळी घ्या आणि ती भाकरीच्या तुकड्यात, गुळात किंवा अंड्यात घालून द्या. गोळी त्याने गिळली हे बघून मगच हला, नाहीतर दुसरंच कुत्रं खाऊन जातं. रोज एकाच माणसाने, एकाच जागी खायला द्या, म्हणजे पुढची मात्रा द्यायला ते सापडेल. तुमचा तालुका टिपेश्वरच्या जंगलाला लागून आहे. लुतीचा किडा कोल्ह्या-लांडग्यांपर्यंतही जातो, म्हणून गावातलं एक कुत्रं बरं करणं जंगलाच्याही भल्याचं आहे.

लेकरांना मात्र सांगा की त्याला हात लावायचा नाही. दुखणाऱ्या अंगाचं जनावर चावतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, तिखट काहीही जखमेवर नाही. ते कुत्रं बरं झाल्यावर त्यालाही रेबीजची लस टोचून घ्या. गावात लसीकरणाचं शिबिर घेण्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलात तर नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न: कुत्र्याला मीठ दिलं की केस गळतात आणि खाज येते, हे खरं का? आमचा काळू ज्वारीची भाकरी आणि दूध खातो. केस निस्तेज आहेत.
(ता. बाळापूर, जि. अकोला)

उत्तर: वरणातल्या मिठाने केस गळत नाहीत. पाणी प्यायला असलं तर एवढं मीठ लघवीतून निघून जातं. लोणचं, पापड, फरसाण देऊ नका. ते मिठामुळे आणि मसाल्यामुळे वाईटच. खरा प्रश्न काळूच्या भाकरी-दुधाचा आहे. केस आणि कातडी प्रथिनांपासून तयार होतात, आणि नुसत्या भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही. काही कुत्र्यांना दूध पचतही नाही. आठवड्यातून तीन-चार अंडी उकडून, जमलं तर कोंबडीचं किंवा मासळीचं काटे काढलेलं उकडलेलं मांस, थोडी शिजवलेली डाळ. जवस आपल्याकडे घरोघरी असतं, ते भाजून कुटून अर्धा चमचा भाकरीवर टाका. तिखट-लसूण घातलेली चटणी नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, रश्श्यात बुडवलेली भाकरी त्यासाठीच टाळायची. केसांत फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात, जुने केस गळून नवे यावे लागतात. एवढं करूनही पंजे चाटणं, कान लाल होणं बारमाही चालूच राहिलं, तर अन्नाची किंवा धुळीची अॅलर्जी असू शकते. त्याचा छडा लावायला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था तुमच्या जवळच आहे, तिथे काळूला घेऊन जा. जाताना गेल्या महिन्यात तो काय काय खातो ते कागदावर लिहून न्या, घरातल्या पोरांनी चोरून दिलेली बिस्किटंसुद्धा.